आधी चारा, मग मासा

गाय गोठ्यात आणण्यापूर्वी घरात वैरण किती आहे हे पाहण्याची आपली जुनी रीत आहे. कितीही उत्तम जातीचे जनावर असले, तरी चाऱ्याची सोय नसताना ते दावणीस बांधणे म्हणजे पैसा व जीव दोन्ही वाया घालविणे होय. समुद्रातील शोभेचे मासे घरी पाळू इच्छिणाऱ्यांना मात्र या साध्या नियमाचा विसर पडतो. ते माशाचा रंग पाहतात, पेटीची काच पाहतात, किंमतीची घासाघीस करतात. पण ‘हा मासा खातो काय?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारतात. हा क्रम उलटा झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पालघर तालुक्याला या विषयाचे वावडे असण्याचे कारण नाही. सातपाटी, मुरबे, नवापूर, तारापूर ही गावे मासळीवर वाढली. मुंबईच्या चर्नी रोड येथे १९५१ साली उघडलेल्या प्रसिद्ध मत्स्यालयास ज्या तारापोरवाला घराण्याचे नाव मिळाले, ते आडनावही तारापूर गावावरूनच पडलेले आहे. बोईसर-पालघर भागात आता हौसेने मत्स्यपेटी ठेवणारी घरे आहेत, आणि त्यातून जोडधंदा काढावा असे काही तरुणांना वाटते. ही इच्छा चांगली आहे. परंतु गोड्या पाण्यातील गोल्डफिश आणि प्रवाळांच्या खडकांतील मासा यांत मोठे अंतर आहे, हे प्रथम ओळखावे.

गोल्डफिश मिळेल ते खातो. समुद्रातील कित्येक सुंदर मासे तसे नाहीत. मँडरिन नावाचा रंगीबेरंगी मासा दिवसभर खडकांवरील कॉपीपॉडसारखे बारीक जीव टिपत फिरतो. डबाबंद दाण्याकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही. फुलपाखरू माशांच्या काही जाती केवळ जिवंत प्रवाळावरच पोट भरतात. समुद्रघोड्यास जठर नसते, म्हणून त्याला थोडे थोडे अन्न दिवसातून अनेकदा द्यावे लागते. असे मासे घरी आणले म्हणजे पहिला आठवडा कौतुकाचा जातो, नंतर पोट खपाटीस जाते, पाठ चाकूच्या धारेसारखी होते, आणि एक दिवस मासा तळाशी पडलेला दिसतो. धनी म्हणतो, रोग आला. वास्तविक तो उपासमारीने मेलेला असतो.

शिवाय मासा पकडला कसा, यावरही त्याची भूक अवलंबून असते. फिलिपिन्सच्या समुद्रात १९६०च्या सुमारास सायनाइड विष फवारून शोभेचे मासे गुंगवून पकडण्याची वाईट चाल पडली. अशा रीतीने पकडलेला मासा वरून धडधाकट दिसला, तरी आतून खचलेला असू शकतो. म्हणून दुकानदारास एकच अट घालावी : माझ्यासमोर त्याला खाऊ घाला. खाल्ले तर विकत घ्यावा, न खाल्ल्यास परत फिरावे.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. समुद्रघोडा व प्रवाळ यांस २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. डोलीच्या जाळ्यात समुद्रघोडा आल्यास तो विकू नये, घरी ठेवू नये, जिवंत असल्यास तत्काळ समुद्रात सोडावा. शोभेसाठी प्रवाळाचा दगड आणणे हाही गुन्हाच आहे.

मग पाळावे काय? आमची शिफारस उबवणी केंद्रात जन्मलेल्या क्लाऊन माशाची आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाच्या अनेक जातींचे बीज तयार करण्याची पद्धती बसविली आहे, आणि नवी मुंबईत ऐरोली येथेही सागरी शोभेच्या माशांची उबवणी उभी राहिली आहे. पेटीतच जन्मल्यामुळे हा मासा तयार खाद्यास सरावलेला असतो, आणि त्याच्यासाठी समुद्रातील खडक ओरबाडावे लागत नाहीत.

पाण्याविषयी दोन शब्द. नवापूरच्या बाजूस तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी समुद्रात जाते. त्याविरुद्ध मच्छीमारांच्या मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि २०२२ साली न्यायाधिकरणाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर भरपाई बसविली. तेथील पाणी पेटीत घालणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर व गढूळ होते, तेही वर्ज्य समजावे. बाजारात मिळणारे समुद्री क्षारांचे मिश्रण स्वच्छ पाण्यात विरघळवून घनतामापकावर १.०२३ ते १.०२५ येईल असे करावे. खाण्याचे मीठ पेटीत घालू नये. पेटी भरल्यावर गाळणीत उपयुक्त जिवाणू वाढण्यास चार ते सहा आठवडे द्यावेत.

हे आठवडे वाया घालवू नयेत. याच काळात चाऱ्याचा सराव करावा. आर्टेमिया हा मिठागरातील सूक्ष्म जीव आहे. मुंबईच्या वडाळा मिठागरांतही त्याची नोंद झालेली आहे. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात. एक लिटर पाण्यात सुमारे २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा घालून त्यात अर्धा चमचा अंडी टाकावीत. तळापासून जोराने हवा सोडावी व वर दिवा ठेवावा. २८ अंशांच्या आसपास उष्णता असल्यास सुमारे २४ तासांत पिल्ले निघतात. हवा बंद केल्यावर टरफले वर तरंगतात. पिल्ले खालून नळीने काढून, बारीक कापडावर गाळून, स्वच्छ पाण्याने धुवून लगेच खाऊ घालावीत. उशीर केल्यास त्यांच्यातील सत्त्व कमी होते. लहान माशांना व अन्न नाकारणाऱ्यांना हा पहिला घास उपयोगी पडतो. पुढे सातपाटीच्या बंदरावर मिळणारा ताजा जवळा धुवून, अगदी बारीक चिरून, थोडा थोडा या जिवंत खाद्यात मिसळावा. हळूहळू जिवंत खाद्याचे प्रमाण कमी करावे. उरलेले अन्न पाच-दहा मिनिटांत काढून टाकावे. कुजल्यास पाण्यात अमोनिया साचतो व मासे मरतात.

काहीजण म्हणतील की, नाजूक माशास भाव जास्त मिळतो, मग साधा क्लाऊन का पाळावा? भाव हातात पडेपर्यंत मासा जगला पाहिजे, हेच त्याचे उत्तर. दहा मासे आणून आठ मेल्यास उरलेल्या दोघांच्या किंमतीत नफा नाही. जो तीन महिने रोज न चुकता आर्टेमिया उबवू शकतो, त्याने पुढे रोटिफर व सूक्ष्म शैवाल वाढविण्यास शिकावे. कारण माशांची पिल्ले वाढविणे अंती याच दोन खाद्यांवर अवलंबून आहे. ज्याला एवढा नेम जमणार नाही, त्याने मासा विकत घेऊ नये. त्यात कमीपणा नाही.

विस्तार कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी मत्स्यपेटीसाठी कर्ज वा साहाय्याचा अर्ज घेताना पेटीचा आकार विचारण्याआधी खाद्याची व्यवस्था विचारावी. अर्जदाराने उबवलेल्या आर्टेमियाची बाटली प्रत्यक्ष पाहावी. विजेचा खंड पडल्यास हवा चालू ठेवण्याची सोय आहे की नाही, हेही पाहावे. ज्याच्या घरी बाटलीत चारा रोज तयार होतो, त्याच्याच पेटीत मासा टिकेल; बाकीच्यांना नम्रपणे थांबण्यास सांगावे.