डायलिसिस पुरेसे होते आहे का?

संध्याकाळची विरार लोकल गर्दीने भरण्यापूर्वी गाठता यावी, म्हणून एक वयस्कर गृहस्थ दर वेळी अर्धा तास आधीच डायलिसिस थांबवून घेत असत. 'डॉक्टर, अहवाल तर चांगला आहे,' असे त्यांचे चिरंजीव मला सांगत होते. अहवालावर ६५ टक्के हा आकडा होता; पण वडिलांच्या पायांवर सूज होती आणि रात्री आडवे होताच त्यांना धाप लागत होती. आकडा खोटा नव्हता. तो नेमके काय मोजतो, हे कोणी त्यांना समजावून सांगितले नव्हते.

डायलिसिसपूर्वी रक्तातील यूरिया १४० होता व नंतर ४९ झाला, तर तो ६५ टक्क्यांनी घटला. ही टक्केवारी म्हणजे यूआरआर. ती ६५ च्या खाली नसावी. हिशेब सोपा, परंतु शरीरातून किती पाणी काढले, हे त्यात धरलेले नसते. शिवाय शेवटचा नमुना पंप मंद करून, ठरलेल्या पद्धतीने घेतला नाही, तर आकडा फसवा येतो.

दुसरे माप 'केटी बाय व्ही'. के म्हणजे दर मिनिटाला शुद्ध होणारे रक्त, टी म्हणजे वेळ आणि व्ही म्हणजे शरीरातील एकूण पाणी. समजा, शरीरात ३५ लिटर पाणी आहे व दर मिनिटाला २०० मिलिलिटर रक्त शुद्ध होते. चार तासांत ४८ लिटर होते. भागाकार येतो १.३७. साडेतीन तासांत तो १.२ वर उतरतो आणि तीन तासांत जेमतेम १.०३ वर. किमान मर्यादा १.२ ची असून उद्दिष्ट १.४ चे ठेवतात. अर्ध्या तासाची किंमत ही अशी असते.

मात्र हे निकष आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस होणाऱ्यांसाठी आहेत. आपल्याकडे अनेकांचे दोनदाच होते. त्यांना तोच आकडा पुरेसा मानता येत नाही. स्वतःची लघवी किती होते, हेही पाहावे लागते. तसेच आकडा वाढवत नेला म्हणजे आयुष्य वाढतेच असे नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या 'हेमो' अभ्यासात मात्रा वाढवूनही एकंदर मृत्युप्रमाण घटल्याचे दिसले नाही.

म्हणून तिसरे माप रुग्ण स्वतः. भूक, झोप, सूज, दोन डायलिसिसमध्ये वाढलेले वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पोटॅशियम आणि फॉस्फरस यांची नोंद वहीत ठेवावी. यूरिया कमी दिसला की हुरळून जाऊ नये. जेवण तुटलेल्या रुग्णाचाही यूरिया कमीच असतो.

पुढच्या भेटीत मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना तीन प्रश्न विचारा: हा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे? ठरलेला वेळ पूर्ण होतो का? यंत्रावरून उतरताना वजन किती असावे? वेळ कमी करण्याचा निर्णय घरी घेऊ नका.

त्या गृहस्थांनी आता सकाळची पाळी मागून घेतली आहे. परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते आणि चार तासही पूर्ण होतात.