‘करूं शकेल’!

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हक्क निःसंदिग्ध मान्य केला. तीन ते सहा वर्षांच्या बालकांविषयीं मात्र अकराव्या कलमांत सरकार व्यवस्था ‘करूं शकेल’ एवढेंच म्हटलें. हें क्रियापद मोठें सोयीचें आहे! वास्तविक समग्र शिक्षा योजनेंत २०१८ पासून पूर्वप्राथमिक वर्गांसाठींही पैसा मागतां येतो. शंभरांतले साठ रुपये केंद्राचे, चाळीस महाराष्ट्राचे. पण वार्षिक आराखड्यांत मागणी राज्यानेंच घालावयाची, आणि न मागितलेलें देणार कोण?

अंगणवाड्या आहेत ना, असें कोणी म्हणेल. आहेत; आणि तेथील आहार नको, असें आम्ही म्हणत नाहीं. पण एकाच सेविकेनें आहार पाहावा, वजनें घ्यावीं, नोंदी भराव्या आणि उरल्या वेळांत शिकवावें, यास बालशिक्षण म्हणावयाचें काय? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस काम आरंभिलें, तें एवढ्यासाठीं नव्हे.

आणि आमचा सुशिक्षित वर्ग? तो नातवाच्या शिशुवर्गाचें भरमसाट शुल्क भरून मोकळा होतो. अंगणवाडीच्या चटईवर ज्याच्या घरचें मूल बसत नाहीं, तो आपल्या आमदारास या मागणीबद्दल एक पत्र तरी कशाला लिहील?