जपानी तकाकीची कोंबडी आणि आपले सोयाबीन



हरभऱ्यावरील घाटेअळीची पाहणी करण्यासाठी मागे दारव्हा तालुक्यातील एका गावी गेलो होतो. बांधावरचे बोलणे आटोपल्यावर घरधन्याने चहाला घरी नेले. चहा पुढे ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, "सायेब, तुमी सोयाबीनचे एवढे सांगता, तर मले एक सांगा. पोरगी पुण्याहून दिवाळीले आली. मोबाइलवर पाहून म्हणे, आई, जपानी कोंबडी कर, तेरियाकी. सोया सॉसची अर्धी बाटली ओतली, वरून मीठ टाकले, गुळाचा खडा टाकला अन् चुलीवर ठेवली. गूळ जळून कोळसा झाला, अन् आतून कोंबडी कच्ची! खारट तर अशी, का कोणी दुसरा घास घेतला नाही. पोरीचे तोंड एवढेसे झाले. चुकले काय?"

मी त्यांना तिथे जे सांगितले, तेच आज सविस्तर लिहितो आहे. मुले शिकायला बाहेर जातात, नवे पदार्थ पाहतात आणि सुट्टीत घरी आली की आईजवळ हट्ट धरतात. तो हट्ट पुरवावा. पण हा पदार्थ निव्वळ चवीपुरता नाही. त्याचा आपल्या यवतमाळच्या शेतीशी फार जवळचा संबंध आहे. तो कसा, हे आधी पाहू.

ताटात दोनदा सोयाबीन

'तेरी' म्हणजे तकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजणे. भाजलेल्या मासळीवर किंवा मांसावर गोड-खारट रस आटवून त्याला तकाकी आणायची, एवढाच या नावाचा अर्थ. हा रस ज्यापासून होतो तो सोया सॉस. जपानी लोक त्याला शोयू म्हणतात. उकडलेले सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू एकत्र करून त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवतात, मग ते मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबवतात आणि शेवटी पिळून रस काढतात. म्हणजे तेरियाकीचा प्राण सोयाबीनमध्ये आहे.

आता कोंबडीकडे वळू. आपण बाजारातून आणतो ती ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत तयार होते. तिच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो आणि साधारण चौथा ते तिसरा हिस्सा सोयापेंड असते. तुमचे सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जाते, तेल निघते, उरलेली पेंड कोंबडीच्या पोटात जाते. म्हणजे या ताटात सोयाबीन दोनदा येते, एकदा रसातून आणि एकदा मांसातून. आणि ज्याने ते पिकवले, त्याच्या घरात मात्र एक दाणा नसतो!

मी सेवेत आलो तेव्हा आपल्याकडे खरिपात कपाशीच्या जोडीला ज्वारी, मूग, उडीद, तूर असे. १९९० नंतर सोयाबीन झपाट्याने वाढले. लवकर निघते, रब्बीला रान मोकळे करते, हाती रोकड येते, म्हणून ते वाढले, आणि त्याची शिफारस आम्हीच केली. त्यात खोटे काही नव्हते. पण मूग-उडदाची जागा सोयाबीनने घेतली तेव्हा घरातले एक मडके रिकामे झाले, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. मूग अर्धा विकला जाई आणि अर्धा घरात राही. सोयाबीन मळणीयंत्रापासून सरळ बाजार समितीत जाते. त्यात साधारण ४० टक्के प्रथिने असतात, तुरीच्या डाळीच्या जवळजवळ दुप्पट. इतके सकस धान्य विकून आपण डाळ विकत आणतो, आणि महाग झाली की वरण पातळ करतो.

आता कृती

चार माणसांसाठी साहित्य असे घ्यावे :

कोंबडीचे पायाचे मांस अर्धा किलो. सोया सॉस ३ मोठे चमचे. किसलेला गूळ २ मोठे चमचे. पाणी ३ मोठे चमचे. आल्याचा रस १ लहान चमचा. ठेचलेल्या लसणाच्या २ पाकळ्या. तेल १ मोठा चमचा. वरून पेरायला भाजलेले तीळ आणि पातीचा कांदा. मीठ अजिबात नाही.

जपानी घरात या रसात तांदळापासून केलेली गोड दारू घालतात. आपल्याला तिची गरज नाही. गूळ, पाणी आणि आले यांवर काम उत्तम भागते.

कापणाऱ्याकडून मांडीचे हाड काढून घ्यावे. कातडी ठेवली तर चव अधिक, नसली तरी चालते. हाडासकट तुकडे असतील तर सुरीने हाडापर्यंत दोन-दोन चिरा द्याव्यात. मांस फडक्याने कोरडे करावे. ओले मांस तव्यावर भाजत नाही, नुसते शिजते.

एका वाटीत सोया सॉस, गूळ, पाणी, आले, लसूण एकत्र करून गूळ विरघळेपर्यंत ढवळून ठेवावे.

बिडाचा तवा किंवा जाड बुडाची कढई तापवून तेल घालावे. तुकडे एकमेकांवर न रचता मांडावेत आणि मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे हात न लावता भाजू द्यावेत. तांबूस झाले की उलटावेत आणि पुन्हा पाच मिनिटे भाजावेत. हाड असेल तर झाकण ठेवून आणखी आठ-दहा मिनिटे द्यावीत. जाड तुकड्याला सुरी टोचून पाहावी. लालसर पाणी आले तर कच्चे आहे. पाणी स्वच्छ आले आणि आतले मांस कुठेही गुलाबी नसले, तरच शिजले. सुटलेली जास्तीची चरबी काढून टाकावी.

मांस पूर्ण शिजल्यावरच वाटीतला रस ओतावा. वहिनींची चूक इथेच झाली होती. त्यांनी गूळ आधी घातला. गूळ मांसाच्या कितीतरी आधी जळतो, म्हणून बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे. चुलीवर करत असाल तर या वेळी लाकडे मागे ओढून नुसत्या निखाऱ्यावर तवा ठेवावा. रस उकळू लागला की तुकडे सारखे खालीवर करावेत. तीन-चार मिनिटांत बुडबुडे मोठे आणि चिकट दिसू लागतील, रस काकवीसारखा दाट होईल आणि तुकड्यांना चिकटून चकाकेल. ती तकाकी दिसली की त्याच क्षणी तवा उतरवावा. आणखी अर्धा मिनिट ठेवाल तर कडू होईल.

वरून तीळ आणि पातीचा कांदा पेरून गरम भाताबरोबर वाढावे. ज्वारीच्या भाकरीबरोबरही छान लागते. आपल्या वऱ्हाडी जिभेला तिखटाशिवाय चैन पडत नाही, तर ठेचा बाजूला वाढावा. रसात काळा मसाला घातला तर ती चांगली कोंबडी होईल, पण जपानी राहणार नाही.

गावरान कोंबडी असेल तर

अंगणातली जून कोंबडी तव्यावर दहा मिनिटांत मऊ होत नाही. ती आधी आले घालून बिनमिठाच्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवावी. ते पाणी फेकू नये, त्याचा रस्सा करावा. मग तुकडे निथळून, तव्यावर परतून, वरीलप्रमाणे रस चढवावा. मांसाहार न करणाऱ्या घरी सोयावडी उकळून, घट्ट पिळून, थोड्या तेलावर परतून हाच रस घालावा. सोयावडी तेल काढलेल्या सोयापिठाचीच असते, आणि तिच्यात निम्मी प्रथिने असतात.

चार गोष्टी सांभाळा

पहिली गोष्ट मिठाची. सोया सॉसमध्ये मीठ फार असते. एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमच्या वर मीठ जाते, आणि जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. वर दिलेल्या मापाने प्रत्येकाच्या वाट्याला दीड-दोन ग्रॅम येते. अर्ध्या बाटलीचे काय झाले असेल, तुम्हीच हिशेब करा! रक्तदाब असलेल्यांनी आणि लहान मुलांनी बेतानेच खावे.

दुसरी गोष्ट बाटलीची. घेताना घटक वाचा. सोयाबीन, गहू, पाणी आणि मीठ असे लिहून 'नैसर्गिकरीत्या आंबवलेला' म्हटले असेल तर उत्तम. काही बाटल्यांत सोयाबीन थोडे आणि जळक्या साखरेचा रंगच अधिक असतो. असा काळाभोर सॉस असेल तर दोनच चमचे घ्यावा.

तिसरी गोष्ट बुरशीची, आणि ती फार महत्त्वाची. बुरशी वाढवूनच सॉस करतात हे वाचून कोणी पावसात भिजलेल्या सोयाबीनचा घरी प्रयोग करू नये. जपानी लोक वापरतात ती बुरशी पिढ्यान्‌पिढ्या निवडून पाळलेली, निर्विष आहे. आपल्या दमट पोत्यात आपोआप वाढते ती तिची बहीण दिसायला तशीच असली, तरी विष तयार करते आणि यकृत बिघडवते. बुरसटलेले धान्य माणसाला नको आणि कोंबडीलाही नको.

चौथी गोष्ट बियाण्याची. पेरणीतून उरलेले, औषध लावलेले रंगीत बियाणे कितीही धुतले तरी खाण्यात आणू नये. ते पोते घराच्या धान्यापासून वेगळे ठेवावे आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

दहा किलो घरात ठेवा

टोकियोजवळ नोडा नावाचे गाव आहे. तिथे सतराव्या शतकापासून शोयू तयार होतो. तिथल्या व्यवसाय करणाऱ्या आठ कुटुंबांनी आपसातली चढाओढ सोडून १९१७ साली एकच कंपनी काढली. तीच आज किक्कोमन या नावाने जगभर ओळखली जाते. विशेष म्हणजे जपानला लागणारे बहुतेक सोयाबीन बाहेरच्या देशांतून येते. पीक दुसऱ्याचे, पण त्यावर केलेल्या कामाचा पैसा त्यांचा. आपल्याकडे पीक आहे, काम नाही. २०२४ साली हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कितीतरी कमी भावाने सोयाबीन गेले, हे तुम्ही भोगले आहे. एका पदार्थाने बाजारभाव सुधारत नाही, हे मलाही कळते. शेतकरी गट आणि बचत गट यांनी प्रक्रियेकडे वळणे हा लांबचा मार्ग आहे, त्यावर पुढे केव्हातरी लिहीन. पण घराचे मडके भरणे आजच्या आज आपल्या हातात आहे.

२०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने धरले तरी दहा किलो सोयाबीनची किंमत ५३३ रुपये होते. तेवढे विकल्याने कर्ज फिटत नाही आणि न विकल्याने वाढत नाही. पण त्यात चार किलो प्रथिने आहेत. येत्या मळणीला स्वच्छ, वाळलेले, औषध न लावलेले दहा किलो बाजूला काढा. सोयाबीन कच्चे कधीही खाऊ नये, कारण त्यातील एक घटक प्रथिने पचू देत नाही. उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटे शिजवावे, पाणी टाकून द्यावे, दाणे उन्हात कडक वाळवावेत आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळून आणावे. पोळीत फरक कळत नाही, पोटाला मात्र कळतो. आणि जमले तर येत्या खरिपात धुऱ्याच्या कडेने मूग-उडदाची चार तासे पेरा. ती विकायची नाहीत, घरच्या वरणासाठी ठेवायची.

त्या वहिनींनी पुढे संक्रांतीला मुलगी आली तेव्हा पुन्हा कोंबडी केली. परवा बाजारात घरधनी भेटले. म्हणाले, "सायेब, या वेळी कढई पुसून खाल्ली पोरांनी." मी विचारले, "आणि सोयाबीन?" ते हसले. म्हणाले, "एक पायली काढून ठेवली बाप्पा घरवालीनं. म्हणे, हे विकाचं नाही."

मला त्या कोंबडीहून या पायलीचा आनंद अधिक झाला. तुमच्या घरी किती ठेवले, ते जरूर कळवा.