नवस पुरे, नेम हवा

वाचकहो, दिवाळी अंकात दारूवरचा लेख कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्या मंडळातल्या एकाही घरात हा प्रश्न नाही, असं छातीठोकपणे कोण सांगू शकेल? आपण त्याबद्दल बोलत नाही, एवढंच. बाईच्या बाबतीत तर अवाक्षरही काढत नाही. आणि बोललोच, तर आपला सल्ला ठरलेला असतो. देवासमोर शपथ घे. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सांग. भारतात गेल्यावर नवस फेडून ये. शपथेचा दिवस मोठा होतो, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. काही आठवड्यांनी शपथ मोडते. मग दारूच्या जोडीला शपथ मोडल्याची लाजही येते, आणि ती लाज बुडवायला पुन्हा ग्लास भरला जातो.

दारू सोडणाऱ्याला प्रार्थनेचा उपयोग होतो, असं माझं ठाम मत आहे. पण ती नवसासारखी एकदाच करायची गोष्ट नाही. ती नेमासारखी, रोज, ठरल्या वेळी, थोडी थोडी करायची असते.

हे आपल्याला नवीन नाही. वारकरी तुळशीची माळ घालतो तेव्हा मद्य-मांस वर्ज्य करतो. गावाकडे माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला त्यात माळ दिसते, तिच्यामागचा दिनक्रम दिसत नाही. रोजचा हरिपाठ, पंधरा दिवसांनी एकादशी, वर्षाची वारी, आणि सोबतीला तोच नेम पाळणारी माणसं. माळ घालायला एक दिवस पुरतो. ती टिकते या रोजच्या आधारावर.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने सापडली. १९३५ साली ओहायोतल्या ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांना भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. १९३९ च्या त्यांच्या पुस्तकात बारा पायऱ्या आहेत. त्यातली अकरावी प्रार्थना आणि ध्यानाची. काय मागायचं तेही तिथे ठरलेलं आहे. नोकरी परत मिळू दे, घरच्यांचा राग जाऊ दे, असं काही नाही. योग्य काय ते कळावं आणि ते करण्याचं बळ यावं, एवढंच. सकाळी पुढच्या चोवीस तासांचा विचार, दिवसात मन भडकलं की क्षणभर थांबणं, रात्री दिवसाचा हिशेब. आणि ही पायरी अकरावी आहे, पहिली नाही, हेही लक्षात घ्या. आधी कबुली, आत्मपरीक्षण आणि दुखावलेल्यांची भरपाई आहे. देवघरात बसून ती टाळता येत नाही.

"हे ख्रिस्ती लोकांचं आहे," असं म्हणून आपली मंडळी मागे फिरतात. अनेक सभा चर्चच्या तळघरात भरतात आणि काही ठिकाणी शेवटी ख्रिस्ती प्रार्थना म्हटली जाते, हे खरं. पण संस्था कुठल्याही धर्माची नाही. देव म्हणजे ज्याला जसा उमगेल तसा, ही सवलत पायऱ्यांच्या शब्दांतच आहे. सुरुवातीच्या सभासदांत देव न मानणारेही होते, त्यांनी ती भांडून मिळवली. विठ्ठल चालेल, निराकार चालेल, सभेतली माणसंही चालतील. महाराष्ट्रात या सभा मराठीतून चालतात.

देवाचं नावच नको असेल, तर ध्यान आहे. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट सांगत की तलफ लाटेसारखी असते: चढते, माथ्यावर येते आणि ओसरते. तिच्याशी झुंजायचं नाही आणि तिच्यामागे जायचंही नाही. शरीरात काय होतंय ते पाहत बसायचं. त्यांच्या गटाने सिएटलजवळच्या एका तुरुंगात गोएंका परंपरेच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांचा अभ्यास केला. इगतपुरीला चालते तीच पद्धत. शिबिर केलेल्यांचं सुटकेनंतरचं दारू आणि ड्रग्जचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं. हे कैदी स्वतःहून शिबिराला बसले होते, त्यामुळे सगळं श्रेय ध्यानाला देता येणार नाही. पण दिशा दिसते. रोजचा सराव हवा तो यासाठीच. संध्याकाळी सहाला लाट आल्यावर पोहायला शिकता येत नाही.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. तलफ कमी करणारी औषधंही आहेत. नॅलट्रेक्सोनला इथे १९९४ सालीच या कामासाठी मान्यता मिळाली. औषध घेतलं म्हणून श्रद्धा कमी पडली असं होत नाही. पुण्याच्या मुक्तांगणमध्येही १९८६ पासून वैद्यकीय उपचार, गटचर्चा, योग आणि ध्यान हातात हात घालून चालतात.

आता तुमचं-आमचं काम. घरातलं कोणी दारू सोडत असेल, तर त्याच्याकडून वचन मागू नका, वेळ द्या. सकाळची वीस मिनिटं त्याची राहू द्या. पाहुणे आले म्हणून त्याची सभा चुकवायला लावू नका. "इतके महिने झाले, अजून जातोसच का?" असं विचारू नका; मधुमेही माणसाला आपण गोळी का घेतोस म्हणून विचारत नाही. पाय घसरला तर देवाचा धाक घालू नका, उद्या सकाळी पुन्हा बसायला सांगा. तुम्ही स्वतः थकला असाल, तर कुटुंबीयांसाठी ॲल-अनॉन आहे; तिथे जायला घरच्या माणसाने दारू सोडलेली असावी लागत नाही.

आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. दिवाळीच्या कार्यक्रमात कोकम सरबत आणि पन्हं बारच्या कोपऱ्यात नको, मधल्या टेबलावर ठेवा. कोणी "मी घेत नाही" म्हटलं, तर कारण विचारू नका. त्याचा त्या दिवसाचा नेम तेवढ्यानेही सांभाळला जाईल.