हॅरॉल्डच्या गाडीत बसलेले प्रेक्षक

पहिल्यांदाच कबूल करून टाकतो. शिट्टी मीही मारली होती. कुठं मारली ते पुढं सांगतो.

सिनेमाचं नाव 'द लाँग गुड फ्रायडे'. ब्रिटिश. १९८० सालचा. दिग्दर्शक जॉन मॅकेन्झी, लेखक बॅरी कीफ. दहा लाख पौंडांपेक्षा कमी खर्चात काढलेला, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर. बॉब हॉस्किन्स हा बुटका, जाड मानेचा नट त्यात लंडनचा दादा झालाय. आम्ही सात-आठ जणांनी तो शिवडीच्या खोलीवर लॅपटॉपवर बघितला. शेजारचे काकाही येऊन बसले. काकांचं सगळं आयुष्य मुंबईच्या गोदीत ओझी उचलण्यात गेलेलं. इंग्रजी त्यांना येत नाही. आम्ही मधेमधे सांगत होतो.

गोष्ट थोडक्यात अशी. हॅरॉल्ड शँडनं दहा वर्षं लंडनच्या टोळ्या मुठीत ठेवल्यात. आता त्याला साहेब व्हायचंय. थेम्सकाठच्या ओस पडलेल्या गोद्यांच्या जमिनीवर टोलेजंग बांधकाम करायचं, त्यासाठी अमेरिकेतल्या माफियाचा पैसा आणायचा, हा त्याचा डाव. नगरसेवक खिशात, पोलीस अधिकारी खिशात. गुड फ्रायडेला अमेरिकन पाहुणे उतरतात आणि नेमके त्याच दिवशी बॉम्ब फुटायला लागतात. आई चर्चमध्ये असताना तिची गाडी उडते. जिवलग दोस्त पोहण्याच्या तलावावर भोसकला जातो. कोण करतंय ते हॅरॉल्डला कळत नाही, म्हणून तो शहरभर माणसं झोडपत सुटतो. दुसऱ्या टोळ्यांच्या दादांना कत्तलखान्यात आकड्यांवर उलटं टांगतो. शेवटी कळतं, हे काम आयरिश रिपब्लिकन आर्मीचं. हॅरॉल्डच्या माणसांनी त्याच्या पाठीमागं त्यांच्याशी व्यवहार केला, पैशात घोळ केला, आणि हिशेब हॅरॉल्डच्या नावावर निघाला.

सिनेमा संपला आणि मतं सुरू झाली. प्रत्येकाला मत असतंच. त्या मतांवरच मला लिहायचंय.

पहिलं मत सगळ्यांचं एकच. आयला, काय माणूस आहे! हे मत जगभर आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं १९९९ मध्ये ब्रिटनच्या शंभर उत्तम सिनेमांची यादी केली, तिच्यात हा २१ वा आला. त्यात मोठा वाटा हॉस्किन्सचा. यात माझं भांडण नाही. उलट एक गोष्ट आपल्या पोरांनी ध्यानात ठेवावी. हॉस्किन्सची बोली पूर्व लंडनच्या गल्लीतली, कॉकनी. अमेरिकनांना ती कळणार नाही म्हणून वरच्या मंडळींनी त्याचा आवाज दुसऱ्याच गावच्या नटाकडून डब करून घेतला. हॉस्किन्सनं कोर्टात खेचायची धमकी दिली, तेव्हा कुठं त्याचा आवाज परत आला. तोंड तुझं, पण जीभ आमची! 'तुमची भाषा वाचकाला कळत नाही' हे आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांना काय कमी वेळा ऐकावं लागलं? १९७२ च्या 'गोलपिठा'तले शब्द समजून घ्यायला प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनाही विचारावं लागलं होतं. त्यांनी विचारलं, हा त्यांचा मोठेपणा. लंडनच्या मालकांनी विचारलं नाही, सरळ जीभच कापायला निघाले. एवढ्यासाठी हॉस्किन्सला माझा सलाम.

ज्या कंपनीनं सिनेमा काढला तिलाही तो नको झाला होता. आयआरए दाखवलीय म्हणून मालकाच्या पोटात गोळा. काटछाट करून टीव्हीवर ढकलून द्यायचा बेत होता. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या कंपनीनं तो विकत घेतला म्हणून थेटरात लागला. कमी पैशाचा सिनेमा कुणाच्या मेहेरबानीवर जगतो ते यातून कळतं.

दुसरं मत शिकलेल्यांचं. म्हणे हा सिनेमा भविष्य सांगणारा आहे. खरंच, टॉवर ब्रिज पाठीमागं ठेवून हॅरॉल्ड बोटीवर भाषण ठोकतो, गोद्यांच्या जमिनीवर नवं लंडन उभारायची स्वप्नं विकतो, ऑलिम्पिकचंही नाव घेतो. पुढं झालंही तसंच. वेस्ट इंडिया गोदी १९८० मध्ये बंद पडली. १९८१ मध्ये थॅचर सरकारनं गोद्यांच्या विकासासाठी महामंडळ काढलं. १९९१ मध्ये त्याच वेस्ट इंडिया गोदीच्या जागी कॅनरी वॉर्फचा मनोरा उभा राहिला. २०१२ मध्ये पूर्व लंडनमध्ये ऑलिम्पिकही भरलं. हॅरॉल्डचं स्वप्न हॅरॉल्डशिवाय पुरं झालं. पिस्तुलाची गरजच पडली नाही. कायद्याच्या कागदावर सही पुरली.

पण यात भविष्य कसलं? कीफ पूर्व लंडनच्या स्थानिक पेपरात बातमीदार होता. तो गल्लीत फिरला, कान उघडे ठेवले, लिहिलं. जमीन कोण कुणाला विकतंय हे गल्लीला नेहमीच आधी कळतं.

इथं काकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पोरांनो, गोदीचा सिनेमा म्हणता. मग गोदीत माणसं का दिसंनात?"

आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. आमच्यापैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. बोट दिसली, पाणी दिसलं, रिकाम्या गोद्या दिसल्या. कामगार नाही. काका म्हणाले, "आमच्यात टोळीवाला असायचा. माझा बाप त्याच्या दारात उभा राहायचा सकाळी. त्यानं बोट दाखवलं तर त्या दिवशी चूल. तिकडं काय होतं?"

काका, तिकडंही हेच होतं. लंडनच्या गोदीवर मजूर सकाळी दाराशी गोळा व्हायचे आणि मुकादम त्यातून माणसं निवडायचा. १९६७ पर्यंत हे चाललं. मग कायमचं काम मिळालं आणि त्याच सुमारास कंटेनर आले. शंभर माणसांचं काम एक क्रेन करायला लागली. मोठी जहाजं नदीच्या मुखाकडं टिलबरीला गेली, आणि एकेक गोदीचं दार बंद होत गेलं. हॅरॉल्ड ज्या जमिनीला ओसाड म्हणून विकतो ती अशी ओस पडलेली आहे. भविष्य दिसलं म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांना हा भूतकाळ दिसत नाही. त्याच्याही मागचा तर नाहीच. वेस्ट इंडिया गोदी १८०२ मध्ये उघडली ती गुलामांच्या घामाची साखर उतरवायला. आणि पूर्व लंडनच्या त्या धक्क्यांवर आपल्याकडचे लष्कर म्हणवले जाणारे खलाशी हिवाळ्यात कुडकुडत पडलेले असायचे. मुंबईची गोदी आणि लंडनची गोदी एकाच दोराची दोन टोकं. आमच्या शिवडीतही गोदीच्या जमिनीवर काय काय उभारायचं याच्या गप्पा आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. त्या गप्पांतही काका कुठं नसतात.

आता शिट्टीवर येतो.

बॉम्ब कुणी ठेवला ते शोधत हॅरॉल्डची गाडी ब्रिक्स्टनमध्ये शिरते. ब्रिक्स्टन म्हणजे दक्षिण लंडनची काळ्यांची वस्ती. गल्लीकडं बघून हॅरॉल्ड नाक मुरडतो. पूर्वी इथं चांगली कुटुंबं राहायची, आता बघा, अशा सुरात. मग एरॉल नावाच्या एका काळ्या माणसाच्या घरात ते घुसतात. एरॉल उघडा. हॅरॉल्डचा माणूस त्याच्या अंगावर पात्यानं वार करतो. एरॉलचा त्या बॉम्बशी काडीचाही संबंध नसतो. काम झालं की गाडी निघून जाते, आणि सिनेमाही गाडीबरोबर निघून जातो.

दोस्तांनो, या प्रसंगात मी शिट्टी मारली. हॅरॉल्डनं काहीतरी फेकलं, खोली हसली आणि माझी शिट्टी गेली. मी वस्तीत वाढलेला. आमच्या गल्लीकडं बघून नाक मुरडणारे मी जन्मभर बघितलेत. आणि तरी त्या घटकेला मी एरॉलच्या घरात नव्हतो. मी हॅरॉल्डच्या गाडीत, मागच्या सीटवर, काच वर करून बसलो होतो. सिनेमा ही चीज अशी आहे. तिकीट आपण काढतो आणि जागा तो देतो.

काकांनी विचारलं, "त्या काळ्या पोराचं पुढं काय झालं?"

कुणीतरी म्हणालं, "काका, तो छोटा रोल आहे. पुढं नाही येत तो."

"आरं पण काय झालं त्याचं?"

या प्रश्नावर तीन मतं पडली. तिन्ही लिहितो.

आमच्यातला एक कॉम्रेड म्हणाला, हॅरॉल्ड कामगारवस्तीतून वर आलेला माणूस आहे, त्याचा राग वर्गाचा आहे, रंगाचा मुद्दा दुय्यम. कॉम्रेड, आपली दोस्ती जुनी आहे, पण हे दुय्यमचं दुकान आता बंद करा. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेलनं काळ्या-तपकिरी लोकांविरुद्ध विखारी भाषण केलं आणि पक्षानं त्याला वरच्या पदावरून काढलं. तेव्हा त्याच्या बाजूनं मोर्चा काढून पार्लमेंटवर कोण गेलं? हेच लंडनचे गोदी कामगार. त्यांच्या पोटावर पाय कंटेनर देत होता, आणि ते बोट दाखवत होते वेस्ट इंडियनाकडं. खालच्याला आणखी खालचा सापडला की वरच्याचं फावतं. हे आम्हांला पुस्तकातून शिकायची गरज पडली नाही.

दुसरं मत एका दोस्ताचं. "जाऊ दे ना यार, त्या काळचा सिनेमा आहे. तेव्हा सगळेच असं बोलायचे." हे मत सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात खोटं आहे. सगळे म्हणजे कोण? त्या काळात एरॉलही जगत होता ना? ब्रिक्स्टनमध्ये तेव्हा माणसं राहत होती, संघटना बांधत होती, पोलिसांशी भिडत होती. १९७० च्या आसपास तिथं ब्रिटिश ब्लॅक पँथर होते, त्यात पुण्यात जन्मलेला फारुख धोंडीही होता. ही माणसं त्या काळची नव्हती का? आणि लेखक कीफ? त्यानं १९७९ मध्येच 'सस' नावाचं नाटक लिहिलं होतं. निवडणुकीच्या रात्री संशयावरून चौकीत आणलेल्या एका काळ्या माणसाला पोलीस कसे सोलतात, त्याचं. 'सस' म्हणजे संशय. १८२४ च्या भटक्यांच्या कायद्यातलं कलम, नुसत्या संशयावर उचलायचं. त्याच राज्यकर्त्यांनी १८७१ मध्ये आपल्याकडं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तेव्हा, कीफला सगळं माहीत होतं. 'त्या काळी' म्हणून सूट मागणारा प्रेक्षक लेखकापेक्षाही मागं आहे.

तिसरं मत आमच्या एका मैत्रिणीचं. ती सिनेमा शिकते. ती म्हणाली, "सिनेमा हॅरॉल्डच्या बाजूनं नाहीच. तो त्याचा आंधळेपणा दाखवतो. शेवट बघ ना." शेवटी हॅरॉल्ड अमेरिकनांना शिव्या घालून, इंग्रज असल्याचा तोरा मिरवत हॉटेलाबाहेर येतो, गाडीत बसतो, आणि गाडी भलताच माणूस चालवत असतो. समोर पिस्तूल. मग कितीतरी वेळ फक्त हॉस्किन्सचा चेहरा. एक शब्द नाही. राग, भीती, आणि शेवटी समजल्यासारखं काहीतरी. विकत घेता न येणारी आणि दमात न येणारीही माणसं जगात असतात हे त्याला मरणाच्या दारात कळतं.

तिचं म्हणणं मला पटलं. सिनेमा हुशार आहे, हॅरॉल्डपेक्षा कितीतरी हुशार. आयरिश माणसाला त्यानं निदान पिस्तूल दिलं, गाडीची चावी दिली. एरॉलला मात्र जखम देऊन घरातच सोडलं. एरॉल झालेला नट पॉल बार्बर १९९७ मध्ये 'द फुल मॉन्टी'त बेकार कामगार म्हणून जगाला दिसला. इथं त्याच्या वाट्याला काही मिनिटं आणि उघडी पाठ. हॅरॉल्डचा आंधळेपणा सिनेमानं पकडला, पण हॅरॉल्डला जे दिसलं नाही ते सिनेमालाही पुरतं दिसलं नाही. दोन्ही खरं आहे. आणि शिट्टी माझी होती, ती काही सिनेमानं मारली नव्हती.

म्हणून काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी शोधून त्यांना नेऊन दिलं. ते इथंही देतो.

सिनेमा लंडनच्या थेटरात लागला १९८१ च्या सुरुवातीला. त्याच एप्रिलमध्ये साध्या कपड्यातल्या पोलिसांनी ब्रिक्स्टनमध्ये काही दिवसांत नऊशेच्या वर माणसं अडवून झडत्या घेतल्या. या मोहिमेला त्यांनी नाव दिलं होतं 'स्वॉम्प', म्हणजे दलदल. १० ते १२ एप्रिल या तीन दिवसांत ब्रिक्स्टन पेटलं. पोरं रस्त्यावर आली, पोलिसांच्या गाड्या जळल्या. ऑगस्टमध्ये ते संशयाचं कलम सरकारला रद्द करावं लागलं. आणि त्या वर्षीचा खरा गुड फ्रायडे कधी होता? १७ एप्रिलला. ब्रिक्स्टन पेटल्यावर पाचव्या दिवशी.

काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे ते पोरगं मेलं नाही."

नाही काका, मेलं नाही.

दोस्तांनो, सिनेमा जरूर बघा. हॉस्किन्ससाठी बघा, त्या शेवटच्या चेहऱ्यासाठी बघा. फक्त गाडी ब्रिक्स्टनमध्ये शिरली की क्षणभर खाली उतरा.