गिझर गळतोय? मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं बघा

थंडीची चाहूल लागली की घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. "अगं, गिझरमधून पाणी ठिबकतंय!" मग फोनाफोनी होते, मेकॅनिक येतो, मान वर करून दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "टाकी गेली मॅडम, नवीनच घ्या." सकाळी सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या असतात, त्यामुळे तुम्हीही फार वाद घालत नाही. सहा ते दहा हजार रुपये सहज जातात.

कधी खरंच टाकी गेलेली असते. कधी मात्र गेलेला असतो एक छोटासा व्हॉल्व्ह. आणि काही वेळा तर काहीच बिघडलेलं नसतं! म्हणून फोन करण्याआधी तुम्ही एकच गोष्ट बघा, थेंब नेमका कुठून पडतोय. आधी कोरड्या हातांनी गिझरचा मेन स्विच बंद करा. मग कोरड्या कापडाने गिझरचा खालचा भाग पुसून घ्या आणि मोबाइलचा टॉर्च लावून पाचेक मिनिटं थांबा. थेंब स्वतःच पत्ता सांगतो.

गिझरच्या खाली दोन पाइप दिसतील. एकातून गार पाणी आत जातं, दुसऱ्यातून गरम बाहेर येतं. गार पाण्याच्या पाइपवर एक धातूचा तुकडा बसवलेला असतो, त्याच्या बाजूला छोटंसं तोंड असतं. हा सेफ्टी व्हॉल्व्ह. थेंब या तोंडातून पडत असेल तर घाबरू नका, आधी एवढं समजून घ्या.

पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं पाणी ७० अंशांपर्यंत तापवलं की ते साधारण दोन टक्क्यांनी वाढतं. म्हणजे १५ लिटरच्या गिझरमध्ये जवळजवळ ३०० मिलिलिटर, चांगला मोठा ग्लासभर पाणी जास्तीचं झालं. ते जाणार कुठे? गरम पाणी उलटं गार पाण्याच्या लाइनमध्ये जाऊ नये याची काळजी हाच व्हॉल्व्ह घेतो, त्यामुळे तो वाटही बंद. मग हे वाढीव पाणी थेंबाथेंबाने त्याच्याच तोंडातून बाहेर पडतं. म्हणजे गिझर चालू असताना ठिबकणं आणि गार झाल्यावर थांबणं हा बिघाड नाही, गिझर आपलं काम नीट करतोय. डोक्यावर थेंब पडू नयेत म्हणून त्या तोंडाला एक नळी जोडून ती खाली जाळीपर्यंत सोडा. नळी उतरती हवी आणि तिचं टोक उघडं हवं. तिला गाठ मारू नका, बूच तर अजिबात लावू नका.

गिझर बंद आहे, गार आहे, तरीही थेंब थांबत नाहीत? मग कारण बहुतेक दोनांपैकी एक असतं. पहिलं म्हणजे पाण्याचा दाब. पाण्याची टाकी दर दहा मीटर उंच गेली की खालच्या नळाला जवळजवळ एक बार दाब वाढतो. उंच टॉवरमधले खालच्या मजल्यावरचे लोक किंवा प्रेशर पंप बसवलेली घरं यांना हा अनुभव जास्त येतो. तुमचा गिझर किती दाब सोसू शकतो ते त्याच्या अंगावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तुमच्याच लाइनमधल्या इतर फ्लॅटमध्येही हेच होत असेल, तर गिझर बदलून काही उपयोग नाही. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लाइनवर बसवायला हवा, आणि तो विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढायला हवा. (तिथे पार्किंगनंतर वेळ उरला तर!)

दुसरं कारण कचरा किंवा क्षार. बारीक खडा व्हॉल्व्हमध्ये अडकला की तो पूर्ण मिटत नाही. व्हॉल्व्हला छोटी खिटी असेल तर गिझर पूर्ण गार झाल्यावर ती क्षणभर उचलून सोडा. पाण्याच्या झोताबरोबर खडा निघून जाऊ शकतो. नाहीच थांबलं तर व्हॉल्व्ह बदला. तो साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "ठिबकतंय ना, मी ते तोंडच बंद करून टाकतो," असं म्हणणारा कारागीर भेटला तर त्याला हात लावू देऊ नका. थर्मोस्टॅट खराब झाला आणि कटआउटनेही दगा दिला तर पाणी तापतच राहतं. त्या वेळी वाढलेला दाब बाहेर सोडायला हा एकच मार्ग असतो. तो बुजवला तर टाकी फुटू शकते. गिझर फुटला अशा बातम्या आपण वाचतो आणि कंपनीला नावं ठेवतो, पण आपल्या बाथरूममधल्या त्या तोंडाला कुणी बूच ठोकलंय का, हे बघत नाही. भाड्याच्या घरात नवीन राहायला गेलात तर पहिल्या दिवशीच बघा.

पाणी पाइपच्या जोडातून येत असेल तर काम किरकोळ आहे, वॉशर, टेप किंवा फार तर कनेक्शन पाइप. पाणी खालच्या प्लास्टिकच्या झाकणातून येत असेल तर मात्र गिझर पुन्हा चालू करू नका. आत विजेच्या वायरी असतात. तिथला रबरी गास्केट बहुधा सुकलेला असतो. तो स्वस्त असतो, पण तो बदलायला गिझर उघडावा लागतोच. मग त्याच मजुरीत कॉइलवरचे क्षार काढून घ्या आणि अ‍ॅनोड रॉड बघायला सांगा.

अ‍ॅनोड रॉड हे नाव अनेकांनी ऐकलेलंही नसतं. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाणी टाकीच्या लोखंडाला खाण्याऐवजी आधी या कांडीला खातं. कांडी संपली की पाळी टाकीची. बेंगळुरू, हैदराबाद किंवा गुजरातमध्ये बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर राहणाऱ्यांनी दरवर्षी ती तपासून घ्यावी. काही शे रुपयांची ही कांडी वेळेत बदलली तर टाकी कितीतरी वर्षं टिकते. मला विचाराल तर गिझरवर करायचा सगळ्यात शहाणा खर्च हाच.

आणि पाणी थेट अंगातून झिरपत असेल, गंजाचे ओघळ दिसत असतील, तर टाकीच गेली. तिला एम-सील लावणं किंवा वेल्डिंग करणं यात पैसे घालू नका. पण थांबा, आधी बिल शोधा. बऱ्याच कंपन्यांची टाकीवरची वॉरंटी बाकीच्या भागांपेक्षा मोठी असते, पाच वर्षं किंवा त्याहूनही जास्त. मेकॅनिकचं "टाकी गेली" हे वाक्य अशा वेळी तुमच्या फायद्याचं ठरू शकतं!

खर्चाचं बोलायचं तर काम सुरू होण्याआधी तीन आकडे वेगवेगळे विचारा: येण्याचे किती, पार्टचे किती, मजुरी किती. जुना पार्ट मागून घ्या. जीएसटी लावला असेल तर बिलावर त्यांचा जीएसटी नंबर हवा. गिझर आठ-दहा वर्षांचा झालाय आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर जातेय, तर मी नवीनच घेईन, आयएसआय मार्क आणि स्टार लेबल बघून. वॉरंटीत असूनही कंपनी टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

दुरुस्तीनंतर गरम पाण्याचा नळ उघडून पाणी सलग येऊ द्या, मगच स्विच चालू करा. रिकामा गिझर चालू केला तर नवी कॉइल त्याच दिवशी जळेल.

भाड्याने राहत असाल तर पैसे कुणी द्यायचे? केंद्राने २०२१ मध्ये राज्यांना दिलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात गिझरची दुरुस्ती भाडेकरूच्या यादीत टाकली आहे. पण करारात वेगळं ठरलं असेल तर ते चालतं, आणि हा नमुना ज्या राज्याने स्वीकारला तिथेच लागू होतो. त्यामुळे आधी आपला करार उघडून वाचा. आणि मेकॅनिकला बोलावण्याआधी गळणाऱ्या जागेचा व गिझरवरच्या पट्टीचा फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. घर सोडताना डिपॉझिटमधून "गिझरचे" पैसे कापायची गोष्ट निघाली, तर तो फोटो तारखेसकट तुमच्याकडे असेल.