कपाटातला काजवा
स्वयंपाकघरातल्या कोपऱ्याच्या कपाटात हिंगाची डबी शोधायची म्हणजे नुसतं चाचपडणं. म्हणून एका शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीतून 12 व्होल्टची एलईडी पट्टी, अडॅप्टर, लोहचुंबक, रीड स्विच, 100 किलोओहमचा रेझिस्टर आणि विजेची झडप म्हणावी असा एक मॉसफेट आणला. युक्ती साधी. दार बंद असताना त्यावरचा चुंबक स्विचच्या काचनळीतली दोन पाती चिकटवून ठेवतो. मॉसफेटचं गेट शून्यावर राहतं, दिवे विझलेले. दार उघडलं की पाती सुटतात, रेझिस्टरमधून गेटला 12 व्होल्ट मिळतात आणि डबे उजळतात. दार बंद असताना रेझिस्टरमधून जेमतेम 0.12 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. पट्टी मात्र खुणेवरच कापायची, दर तीन दिव्यांनी. मी घाईत मधेच कात्री चालवली आणि तीन दिवे गमावले. सगळं जमल्यावर आई म्हणाली, ‘‘दार लावल्यावर विझतात कशावरून?’’ लहानपणी फ्रीजपुढे मलाही हाच प्रश्न पडायचा. शेवटी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो आत ठेवला, दार लावलं. विझत होते. हिंगाची डबी तेवढी ओट्यावरच सापडली.